धान्याऐवजी दीडशे रुपये: केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांच्या तडजोडींचा एक प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०१५ पासून मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांमधील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्य रास्त भाव दुकानातून मिळत असे, गहू २ रुपये किलो आणि तांदूळ ३ रुपये किलो. २०२२ मध्ये हे धान्य येणे बंद झाले. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी राज्य शासनाने निर्णय काढून, जानेवारी २०२३ पासून धान्याच्या जागी माणशी दरमहा १५० रुपये थेट बँक खात्यात जमा करण्याचे ठरवले. मदत काढून घेतली असे कोणी म्हटले नाही, आणि कागदावर ती काढून घेतलेली नव्हतीही. तरीही या बदलानंतर अशा घरांना ज्या तडजोडी कराव्या लागतात, त्या मदत घटल्यानंतरच्याच आहेत. रक्कम कमी नसताना घराला कमी का पडते, हे या प्रकरणात समजून घ्यायचे आहे.

ही योजना मुळात का आली, हे आधी सांगायला हवे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. राज्याला लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली कमाल संख्या, सुमारे ७ कोटींचा मिळाला आणि ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे कायद्याखाली माणशी ५ किलो धान्य मिळणाऱ्या कुटुंबासाठी, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार रुपये ठेवण्यात आली. केशरी शिधापत्रिका मात्र १५ हजारांच्या वर ते १ लाख रुपये उत्पन्नापर्यंतच्या कुटुंबाला मिळते. त्यामुळे केशरी पत्रिका असलेली असंख्य कुटुंबे कायद्याच्या बाहेर राहिली. त्यांत कोरडवाहू शेतकरी मोठ्या संख्येने होते, कारण सातबारावर दोन-तीन एकर जमीन दिसली की घर गरीब नाही असा समज होतो, मग त्या जमिनीत पाणी असो वा नसो. शेतकरी आत्महत्यांचे प्रमाण जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांसाठी, म्हणजे मराठवाड्यातील आठही जिल्हे, अमरावती विभागातील पाच जिल्हे आणि वर्धा, राज्याने स्वतःच्या खर्चाने कायद्यातल्याच दरात धान्य देण्याचे ठरवले ते याच कारणाने. हा निर्णय चांगला होता आणि तो सात वर्षे चालला, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

तो बंद पडण्याची मुळे गावापासून फार दूर होती. मार्च २०२२ मध्ये उत्तर भारतात उष्णतेची लाट आली, गव्हाचे दाणे बारीक राहिले, बाजारभाव हमीभावाच्या वर गेले आणि सरकारी गहू खरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे ४३३ लाख टनांवरून सुमारे १८८ लाख टनांवर आली. १३ मे २०२२ रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. कायद्याखालच्या लाभार्थ्यांना आधी धान्य पुरवायचे म्हटल्यावर, कायद्याबाहेरच्या राज्य योजनांना गहू-तांदूळ देता येणार नाही असे भारतीय अन्न महामंडळाने कळवले. राज्य शासन महामंडळाकडून गहू २२ रुपये आणि तांदूळ २३ रुपये किलोने घेऊन या शेतकऱ्यांना देत होते. तो पुरवठाच थांबला. खुल्या बाजारातून एवढे धान्य घेण्यापेक्षा पैसे देणे सोपे, असा विचार त्यातून पुढे आला.

आता हिशेब. तो नीट कळावा म्हणून पाच माणसांचे एक घर डोळ्यांसमोर ठेवू. हे कोणा एका खऱ्या घराचे वर्णन नाही, या पट्ट्यातील कोरडवाहू घरांची जी सर्वसाधारण घडण आहे त्यावरून मांडलेला हा नमुना आहे. नवरा-बायको, सासूबाई, शाळेत जाणारी दोन मुले. तीन एकर जमीन, त्यात सोयाबीन आणि तुरीचे आंतरपीक. दारात दोन शेळ्या. या घराला महिन्याला २५ किलो धान्य मिळे. त्यात २० किलो गहू आणि ५ किलो तांदूळ धरला, तर ५५ रुपयांत ते घरी येत असे. २०२३ पासून त्याऐवजी महिन्याला ७५० रुपये मिळू लागले. बाजारात गहू ३० रुपये आणि तांदूळ ३८ रुपये किलो धरला, तर तेवढेच धान्य ७९० रुपयांना पडते. म्हणजे घराला पदरचे ४० रुपये घालावे लागतात, पूर्वीपेक्षाही १५ कमी. राज्याचा खर्चही कमी झालेला नाही, कारण पूर्वी किलोमागे २० रुपयांप्रमाणे माणशी १०० रुपयांचा भार राज्य उचलत होते आणि बदलानंतर ते १५० रुपये देऊ लागले. या हिशेबावर थांबले तर तक्रारीला जागाच उरत नाही, आणि निर्णय घेणाऱ्यांनी असाच हिशेब केला असेल तर त्यात त्यांचा दोष म्हणता येणार नाही.

पण याच हिशेबात भाव थोडे हलवून पाहावेत. गहू ३४ आणि तांदूळ ४४ झाला की तेच धान्य ९०० रुपयांना पडते. घराला ५५ च्या जागी १५० रुपये घालावे लागतात. दर ठरलेला असताना भाववाढीचा भार सरकारवर पडत होता, रक्कम ठरल्यावर तो घरावर आला. २०२४ मध्ये शासनाने १५० चे १७० रुपये केले आणि ही तूट बरीचशी भरून निघाली. परंतु मधल्या काळात भाव जसे चढले तसे घराने सोसले, आणि पुढची वाढ केव्हा होईल हे कोणत्याही नियमाला बांधलेले नाही.

खरी घट यापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे, ती म्हणजे वेळेत. दुकानातले धान्य उशिरा येत असे, कधी एखादा महिना बुडतही असे. मापात मारल्याच्या आणि दुकानातल्या ओळख पटवणाऱ्या ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटत नसल्याच्या तक्रारी तेव्हाही होत्या. पण 'माल आला' ही बातमी गावात सगळ्यांना एकाच वेळी कळे आणि आलेला माल त्याच दिवशी घरातल्या डब्यात पडे. पैशाच्या वाटेवर टप्पे वाढले. निर्णय फेब्रुवारीच्या शेवटी निघाला, लाभ जानेवारीचा. त्यानंतर अर्ज भरायचे, कुटुंबातील स्त्रीच्या खात्याची आणि आधारची नोंद जुळवायची, यादी तालुक्याहून पुढे जायची, निधी यायचा. ज्या घराचे धान्य २०२२ मध्येच थांबले होते, त्याला पैसे सुरू होईपर्यंतचे महिने काहीच न मिळता काढावे लागले. पुढेही हप्ते रखडल्याच्या आणि दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम जमा झाल्याच्या तक्रारी अनेक गावांतून येत राहिल्या. तीन महिन्यांचे २,२५० रुपये एकदम मिळणे आणि दरमहा ७५० रुपये मिळणे यांची बेरीज सारखीच असते. चूल मात्र रोज पेटवावी लागते, आणि ज्या घरात महिनाभराच्या धान्याइतकीही रोकड शिल्लक नसते, त्या घरात मधले दोन महिने कोणाच्या तरी उधारीवर निघतात.

बँकेत जाण्याचाही खर्च धरावा लागतो. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. गावात पैसे काढण्याची सोय नसेल आणि तालुक्याच्या शाखेत जाण्यात एक दिवस मोडत असेल, तर ७५० रुपयांसाठी एका बाईची २७३ रुपयांची मजुरी जाते, म्हणजे रकमेचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याचा इथे खरोखर उपयोग होतो. पण बुडालेला दिवस अर्धा होत नाही. म्हणून अनेक जणी दोन-तीन हप्ते साठू देतात आणि मग एकदाच जातात. हे शहाणपणाचेच आहे, फक्त त्यामुळे सरकारकडून वेळेवर आलेला हप्ताही घरात उशिरा पोहोचतो.

हे घर शेतकऱ्याचे आहे, मग त्याला धान्य विकत का घ्यावे लागते, असा प्रश्न शहरातला वाचक विचारेल. तो योग्य आहे आणि त्याचे उत्तर या प्रकरणाच्या मुळाशी आहे. मराठवाड्यात आणि पश्चिम विदर्भात गेल्या काही दशकांत खरिपाची ज्वारी मागे पडून सोयाबीन आणि कापूस आला. कापूस खाता येत नाही, आणि सोयाबीनही घरात ठेवून खाण्याचे धान्य नाही. दोन्ही विकायची पिके. पूर्वी सुगीनंतर कणगीत वर्षाची बेगमी पडत असे, आता सुगीनंतर हातात पैसे येतात आणि त्यांतून आधी दुकानदाराची, कृषी केंद्राची आणि सोसायटीची बाकी जाते. रेशनच्या गव्हाने ती रिकामी कणगी काही अंशी भरली होती. गव्हाची पोळी सणासुदीची न राहता रोजच्या जेवणात आली, त्यात रेशनचा मोठा वाटा आहे. तो गहू थांबल्यावर मागे वळून ज्वारीकडे जावे, तर ज्वारी आता घरात पिकत नाही आणि बाजारात ती पूर्वीसारखी गरिबाच्या भावाची राहिलेली नाही.

मग घर काय करते? पहिली कात्री धान्याला लागत नाही. पोट भाकरी-पोळीने भरते, म्हणून पीठ शेवटपर्यंत राखले जाते आणि त्याच्या सोबतचे सगळे आधी कमी होते. वरण पातळ होते, मग दिवसाआड होते. २०२३ च्या उत्तरार्धात तूरडाळ किरकोळीत दीडशे रुपये किलोच्या पुढे गेली होती, त्यामुळे तूर पिकवणाऱ्या घरातही डाळ जपून वापरली जात होती. विकायला काढलेली तूर आणि खायला ठेवलेली तूर यांत नेहमी विकण्याची बाजू जड ठरते. डाळीची जागा पिठले घेते, पिठल्याची जागा ठेचा घेतो. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू या रानभाज्या निंदणीच्या वेळी ओट्यात येतात. त्यांना केवळ नाइलाजाचे अन्न म्हणू नये, त्या पौष्टिक आहेत आणि बायकांना त्यांची उत्तम पारख असते. पण त्या ठरावीक आठवड्यांतच मिळतात, आणि तणनाशक मारलेल्या रानात मिळेनाशा होतात.

मुलांचे दुपारचे जेवण शाळेत होते. पहिली ते पाचवीच्या मुलाला शालेय पोषण आहारात दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य धरलेले असते. घरच्या हिशेबात आई ते गृहीत धरते, आणि म्हणूनच सुटीचे दिवस तिला जड जातात. सर्वांत शेवटी जेवणारी तीच असते. उरेल तेवढे खायचे ही रीत या घटीने निर्माण केलेली नाही, ती जुनी आहे. पण घट आली की तिचा पूर्ण भार त्या एका ताटावर येतो. घरातील एकूण खर्च मोजणाऱ्या कोणत्याही पाहणीत ही कात्री दिसत नाही, कारण घराने किती धान्य आणले हे विचारले जाते, कोणी किती खाल्ले हे क्वचितच विचारले जाते.

दुसरी तडजोड उसनवारीची आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. गावात केशरी पत्रिकेचे घर आणि प्राधान्य कुटुंबाचे घर एकाच आळीत असते. एका घरी पीठ संपले तर शेजारून पायलीभर गहू उसना आणायचा आणि आपला माल आला की परत करायचा, हा व्यवहार बायका-बायकांत विनाव्याज आणि विनालेखी चालतो. करोनाकाळात प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेखाली प्राधान्य कुटुंबाला नेहमीच्या ५ किलोंवर माणशी ५ किलो मोफत मिळत होते, म्हणजे एकूण १० किलो. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेली ही जादा मदत, मधले काही महिने सोडता, डिसेंबर २०२२ पर्यंत चालली. केशरी घराचे धान्य थांबले तेव्हा शेजारणीकडे उसने द्यायला काहीतरी होते. जानेवारी २०२३ पासून नेहमीचे ५ किलो मोफत झाले, पण जादा ५ किलो बंद झाले. पाच माणसांच्या घरात ५० किलोंचे २५ किलो झाले. अशा रीतीने केशरी घराला जेव्हा पैशांची वाट पाहायची होती, नेमक्या त्याच महिन्यांत देणाऱ्या घराचा डबाही निम्मा झाला. दोन वेगवेगळ्या सरकारांचे, दोन वेगवेगळ्या कारणांनी घेतलेले निर्णय एकाच आळीत एकत्र आले. शिवाय उसने धान्य धान्यानेच फेडायचे असते. ज्या घरात धान्य न येता पैसे येतात, ते घर उसने मागायला संकोचते, आणि शेजारणीलाही वाटते की यांच्या खात्यावर तर पैसे जमा होतात.

शेजार आटला की किराणा दुकान उरते. तिथे उधारीवर घेणाऱ्याला भावात घासाघीस करता येत नाही. शिवाय थोडे थोडे, दोन-दोन किलोने घ्यावे लागते आणि ते नेहमी महाग पडते. उधारी सोयाबीनवर फेडायची असते, म्हणजे काढणी होताच, ओलावा असतानाच, भाव पडलेला असताना माल विकायचा. सोयाबीन चार महिने राखून ठेवण्याची ताकद जी थोडीफार होती ती अशाने जाते. २०२३ हे या रोख योजनेचे पहिले वर्ष, आणि त्याच वर्षी ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत मराठवाड्यातीलही तालुके होते. ज्या सोयाबीनवर उधारी ठेवली तेच हाती आले नाही. मग बचत गटाचे कर्ज, त्यानंतर लघुवित्त कंपनीचे कर्ज, त्याचा ठरलेला हप्ता. आणि दारातली शेळी, जी खरे तर आजारपणासाठी राखलेली असते, ती बाजारात जाते.

बीडसारख्या जिल्ह्यांत यापुढचा रस्ता ऊसतोडीचा आहे. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी, म्हणजे कोयता, दिवाळीच्या सुमारास निघतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. केवळ रेशन थांबले म्हणून कोणी ऊसतोडीला जात नाही, तसा दावा मी करणार नाही. पण जाण्या-न जाण्याच्या काठावर असलेल्या घराला महिन्याच्या २५ किलो धान्याची खात्री थोपवून धरू शकते. इथेच रोख रकमेच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. जे घर सहा महिने फडावर असते, त्याला गावच्या दुकानातले धान्य मिळत नव्हते. 'एक देश एक शिधापत्रिका' ही कुठल्याही दुकानातून धान्य घेण्याची सोय अन्न सुरक्षा कायद्याखालच्या पत्रिकांसाठी आहे, या केशरी योजनेसाठी ती नव्हती. खात्यातले पैसे मात्र कुठेही काढता येतात. अशा घरांसाठी हा बदल फायद्याचा आहे. आणि पैसे बाईच्या खात्यात जातात, याचेही मोल आहे, जरी तिच्या हाती आल्यावर त्यांतले किती पिठावर खर्च होतील हे औषध, वह्या आणि फवारणी यांच्या रांगेत ठरत असले तरी.

जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये पात्र स्त्रीच्या खात्यात येऊ लागले आणि अशा घरांची ओढाताण काही प्रमाणात कमी झाली. त्यातही बारकावा आहे: जिच्या स्वतःच्या नावावर जमीन आहे आणि जिला पीएम किसान व नमो शेतकरी योजनेचे मिळून वर्षाला १२ हजार, म्हणजे महिन्याला १ हजार रुपये मिळतात, तिला लाडकी बहीणचे फरकाचे ५०० रुपयेच मिळतात. एक योजना दुसरीतून वजा होते, हे नियमात लिहिलेले असले तरी बहुतेकींना ते पैसे कमी आल्यावरच कळते.

धान्याच्या जागी पैसे देण्याचा प्रयोग महाराष्ट्राने पहिल्यांदा केला असे नाही. झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी तालुक्यात २०१७ मध्ये लोकांना बाजारभावाने रेशन घ्यायला लावून अनुदान खात्यात दिले गेले; पाहणीत ९७ टक्के लोकांनी जुनीच पद्धत मागितली आणि २०१८ मध्ये प्रयोग मागे घेतला गेला. कर्नाटकाने जुलै २०२३ मध्ये, जादा तांदूळ मिळेना म्हणून, ५ किलोंऐवजी किलोला ३४ रुपये दराने माणशी १७० रुपये दिले आणि २०२५ मध्ये तांदूळ उपलब्ध होताच ते पुन्हा तांदळावर आले. कर्नाटकाची तजवीज आणि महाराष्ट्राची तजवीज एकाच टंचाईतून आली. फरक असा की तिथे ती तात्पुरती मानली गेली. केंद्रीय भांडारात धान्य पुन्हा पुरेसे झाल्यावर इथेही घराला निवड देता येईल: ज्याला धान्य हवे त्याने धान्य घ्यावे, जो फडावर जातो त्याने पैसे घ्यावेत. आणि पैसेच द्यायचे, तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची रक्कम पेरणीआधी, मे महिन्यात एकत्र द्यावी, कारण उधारीची सुरुवात त्याच महिन्यांत होते. याला वेगळा निधी लागत नाही, केवळ वेळापत्रक बदलावे लागते.

आणखी एक गोष्ट यात हरवली आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या लाभार्थ्याला धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता मागण्याचा हक्क आहे. केशरी शेतकरी त्या कायद्याच्या बाहेर असल्यामुळे त्याला तो हक्क नाही. तरीही दुकान होते तोवर त्याच्याकडे भांडायला जागा होती. फलकावर महिना आणि परिमाण लिहिलेले असे, पावतीवर किलो असत, समोर दुकानदार असे आणि त्याच्या वर तहसीलचा पुरवठा विभाग. आता पासबुकात एक रक्कम दिसते. ती कोणत्या महिन्याची आणि किती माणसांची, हे सहसा तिथे लिहिलेले नसते. पाच जणांच्या घरात तिघांचेच पैसे आले तर बँक म्हणते यादी पुरवठा विभागाची, आणि पुरवठा विभाग म्हणतो आधार जोडणी बँकेची. त्या दोन ठिकाणांमधल्या एकेका फेरीत त्या बाईचा एक दिवस जातो, आणि त्या दिवशी निंदणीला गेली असती तर तिला मजुरी मिळाली असती.